बाहेरच्या खोलीतली होडी

४ जानेवारी

मापाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, म्हणून त्यांत लिहायला बसले. पुढून गिऱ्हाइकांच्या कमरा आणि छात्या, मागून माझं रडगाणं. घरात बोलायला माणसं नाहीत असं नाही. पण नवरा बोलत नाही आणि सासूबाईंशी बोललं की त्या उपाय सांगतात. मला उपाय नको असतो, नुसतं कुरकुरायचं असतं.

नवरा नकाशे काढायचा. इमारतींचे, पुलांचे, गटारांचेसुद्धा. ऑफिसानं ते काम यंत्राला दिलं आणि याला घरी पाठवलं. मला वाटलं आता हा खचणार, तर हा उड्या मारायला लागला. ‘आता मी माझं काहीतरी करणार.’ काय करणार, तर होडी. दोन्ही टोकांना निमुळती, एका वल्ह्यानं वल्हवायची, कॅनू म्हणतात तिला. नकाशा स्वतः काढला, प्लायवुडचे लांबलचक पाट कापले, त्यांच्या कडांना भोकं पाडली. भोकांतून तांब्याची तार घालून पाट एकमेकांना शिवायचे, सांध्यांत गोंद भरायचा, त्यावर काचेच्या धाग्याची पट्टी चिकटवायची, घासायचं आणि शेवटी वार्निश. मी म्हणाले, ‘म्हणजे शिवणकामच की.’ तर म्हणाला, ‘तुझ्या शिवणीतून पाणी गेलं तर कुणी बुडत नाही.’ त्याच्या तोंडचं ते शेवटचं धड वाक्य.

एका दुपारी त्यानं पक्कड होडीत ठेवली, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तो अजून तसाच आहे. जेवायला बोलावलं की उठतो, आंघोळ कर म्हटलं की कधी करतो कधी नाही. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्यात. वेळ लागतो म्हणाल्या. किती ते त्याही सांगत नाहीत.

होडी बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आहे, वर जुनी चादर टाकून. येता-जाता कंबर वाकडी करून जावं लागतं.

५ जानेवारी

सासूबाईंबद्दल लिहायचं राहिलं. त्या जन्मभर इस्पितळात होत्या, ड्रेसिंगच्या खोलीत. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मीही इथं सिस्टरच लिहिणार, तोंडावर आई. हा पडला त्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, ‘होडीला कुणी बोट लावायचं नाही. पेशंट जिथं थांबला तिथं सगळं थांबलेलं असावं. उठल्यावर त्याला वाटलं पाहिजे, मी कालच झोपलो होतो.’ सिस्टरचं फर्मान म्हणजे फर्मान. चादरीवर धूळ बसली तरी आम्ही झटकत नाही.

११ जानेवारी

आज फर्मान मोडलं.

सिस्टर सकाळी फिरायला गेल्या होत्या. मी झाडत होते, तर त्यानं अर्ध्यात सोडलेली तार माझ्या बाहीत अडकली आणि बाही टर्रकन फाटली. रागानं चादर ओढली. म्हटलं, निदान हे लोंबणारं तरी नीट करावं. तार भोकातून घातली, पिळली, पुढच्या भोकात घातली. हाताला सवय. बघता बघता चार-सहा टाके झाले. लांब, तिरके, कच्च्या शिवणीसारखे. मग भानावर आले, चादर होती तशी टाकली आणि निमूट चहा ठेवला.

१३ जानेवारी

आज कधी एकदा लिहायला बसते असं झालं होतं.

माझ्या शिवणाच्या दुकानातून आले, सिस्टर देवळात म्हणा, बाजारात म्हणा, कुठेतरी गेल्या होत्या. चादर जरा उचलून बघितली. माझे टाके संपतात तिथून पुढे आणखी टाके. माझे नव्हेत. घट्ट, सगळे एका मापाचे, आणि तारेचं प्रत्येक टोक आत वळवून झोपवलेलं, कुणाला टोचू नये असं. स्पिरिटचा वासही येत होता, तार पुसून घेतली असणार. नकाशे काढणारा माणूस, स्वच्छतेचं वेड जुनंच.

आत जाऊन बघितलं. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. काय नाटकी माणूस आहे. मला रडू आलं आणि हसूही आलं.

सिस्टर आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘आई, हा दुपारी उठतो का हो कधी?’

त्या दचकल्याच. ‘दुपारी मी जरा डोळा लावते गं. का?’

‘काही नाही.’

मग त्याच हळूच म्हणाल्या, ‘सकाळी मात्र उठत असावा, असं मला वाटतं. मी फिरायला गेल्यावर.’

म्हणजे त्यांनीही चादर उचलून माझे टाके बघितलेत आणि ते त्याचे समजल्यात. खरं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की म्हटलं, चार टाक्यांसाठी म्हातारीचा हिरमोड कशाला? बाकीचे तर त्याचेच आहेत.

‘त्याला यातलं काही विचारू नकोस,’ सिस्टर म्हणाल्या. ‘टोकलं की पेशंट मागे सरतो.’ मी म्हटलं, ‘छे, मी कशाला विचारतेय.’

२० जानेवारी

आमचं छान चाललंय. सकाळी सिस्टर गेल्या की मी थोडं करते, दुकानातून आल्यावर बघते तर त्यानं त्यापुढे केलेलं असतं. शिवण पूर्ण झाली. होडी आता होडीसारखी दिसते. म्हणजे आधी ती प्लायवुडच्या चुरगळलेल्या कपड्यासारखी दिसत होती.

त्याचा नकाशा मी उशाखालून, म्हणजे माझ्याच उशाखालून, काढून वाचते. बाण, आकडे, बारीक अक्षर. इतकं समजावून लिहिलंय की शेंबडं पोरही करील. कुणासाठी लिहिलं असेल? स्वतःसाठी कुणी इतकं समजावून लिहीत नाही.

२६ जानेवारी

सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी लावायला घेतली. माझ्याकडून एक घोटाळा झाला. पट्टीच्या कडांचे धागे सुटत होते, म्हणून मी सवयीनं कड आत दुमडून घेतली, पँटची मोहरी दुमडतात तशी. गोंद सुकल्यावर तिथं दोरीएवढा उंचवटा. कपडा असता तर वर इस्त्री फिरवली असती.

पण त्याचं काम बघून जीव भांड्यात पडला, तोही काही कमी नाही. दुसऱ्या सांध्यावर पट्टी सरळ लावायची सोडून निम्मी निम्मी एकीवर एक चढवत गेलाय. आणि शेवटी टोक मधोमध फाडून दोन फाट्यांची गाठ मारलीय, गोंदात. होडीला गाठ. ज्यानं पुलांचे नकाशे काढले त्यानं. गोळ्यांचा परिणाम असणार, डोकं जड होतं म्हणतात त्यांनी. मी काही दुरुस्त केलं नाही. त्याची गाठ आहे, राहू दे.

होडीत औषध मोजायचा छोटा पेलाही सापडला, तळाला गोंद सुकलेला. त्याच्याच खोकल्याच्या बाटलीचा असावा. मला फार बरं वाटतंय. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर पहिल्यांदाच मी याच्या कामात काही केलं.

२ फेब्रुवारी

मुद्दाम काही दिवस हात लावला नाही. म्हटलं, बघू एकटा करतो का. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग सगळंच ठप्प. सिस्टरही चिडचिड करायला लागल्या, जेवताना मीठ कमी, चहात साखर जास्त. काल सकाळी मी गोंद जरासा भरला, तर दुपारी त्यानं लगेच तेवढाच भरलेला.

म्हणजे मी थांबले की हा थांबतो. रस्त्यानं चालतानाही असंच असतं त्याचं, माझ्या एक पाऊल मागे. पूर्वी मला त्याचा राग यायचा.

६ फेब्रुवारी

सिस्टरचं बोट कापलंय. मी विचारलं तर ‘भाजी चिरताना,’ म्हणाल्या. बांधलंय मात्र असं सुबक की कापून घ्यावंसं वाटावं.

त्यांचा स्वेटर उसवला होता तो दुकानात नेला. खिशात लाकडाचा भुसा निघाला. त्यांच्या कपाटाला वाळवी लागलेली दिसते. दुष्काळात तेरावा महिना. होडी तडीस गेली की कपाटाचं बघू.

९ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंकडे जायचा दिवस. गेल्या वेळी त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या की पुढच्या खेपेला फरक दिसला नाही तर इस्पितळात ठेवून घेऊ आणि औषध बदलू. त्यामुळे मी आणि सिस्टर दोघी गेलो होतो, साक्षीदार असल्यासारख्या.

डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, ‘काय, कसं वाटतंय?’ तो तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, ‘होडीला हात घातलाय त्यानं.’ मी म्हटलं, ‘पट्ट्या झाल्या, आता घासायचं आलंय.’ डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘अरे वा. स्वतःहून?’

‘कुणी न सांगता,’ आम्ही दोघी एकदमच बोललो.

‘मी...’ हा म्हणाला.

‘राहू दे, दमशील,’ सिस्टर म्हणाल्या आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

डॉक्टरबाई समजूतदार, त्यांनी परत त्यालाच विचारलं, ‘कशी चाललीय होडी?’ त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘चाललीय.’

स्वतःच्या तोंडानं म्हणाला! मी टेबलाखाली सिस्टरचा हात दाबला, त्यांनी माझा. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग घाई नको, हेच औषध चालू ठेवू, दोन महिन्यांनी या.

परतताना सिस्टरनी मला पेढे खाऊ घालावेत इतक्या त्या खूश होत्या.

१५ फेब्रुवारी

जेवण अर्ध्यावर आलंय त्याचं. दाढी करत नाही. चादर बदलायची म्हणून उठवलं तर उठून उभा राहिला आणि मी ‘झालं’ म्हणेपर्यंत तसाच उभा. सिस्टर म्हणाल्या, ‘दमतो गं. एवढं काम अंगावर घेतलंय त्यानं.’ खरंच आहे. घासण्याचं काम म्हणजे खांदे भरून येतात, माझेच आलेत.

मी लांब लांब हात मारून घासते, टोकापासून टोकापर्यंत. तो गोल गोल घासतो, मलम चोळल्यासारखं. नकाशात लिहिलंय, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घासावं. स्वतःचंच लिहिलेलं वाचत नाही.

१९ फेब्रुवारी

आज संध्याकाळी तो कुशीवर वळला आणि माझ्याकडे तोंड केलं. कितीतरी दिवसांनी. म्हणाला, ‘अगं, होडी मी...’

मी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, टोकायचं नाही आणि याला लाजवायचंही नाही. ‘शू. मला माहीत आहे सगळं.’

‘माहीत आहे?’

‘केव्हाचं.’

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा नवी नवरी झाल्यासारखं वाटलं. मग म्हणाला, ‘मग ठीक,’ आणि परत भिंतीकडे वळला. मी त्याची पाठ थोपटत बसले. किती सुखाची संध्याकाळ. वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी भांडलो तर दाखवता येईल.

२४ फेब्रुवारी

मधली आडवी फळी बसली! दोन्ही काठांना ताणून धरणारी. हे काम माझ्यानं होणारं नव्हतं, माप चुकलं तर होडी फाकते. मी ते मुद्दाम त्याच्यासाठी सोडलं होतं. आज आले आणि चादर उचलली, तर फळी जागच्या जागी. आवळून धरायचा क्लॅम्प मिळाला नाही म्हणून इलॅस्टिकच्या पट्टीनं करकचून आवळून ठेवलीय. सिस्टरची गुडघ्याला बांधायची पट्टी! न विचारता घेतली त्यानं. सिस्टरना कळलं तर ओरडतील, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या दिवसभर लंगडत होत्या आणि पट्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनाही माहीत असणार. आईची माया.

मला आता खात्री वाटते. हा उठणार. मी तर दुकानात एका गिऱ्हाइकाला विचारलं, तळ्यावर होडी सोडायला परवानगी लागते का. तिला वाटलं मी फिरकी घेते.

३ मार्च

काठाची लाकडी पट्टी. डावी बाजू मी केली. उजवी त्यानं.

आज तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ पाण्याचा आवाजच आला नाही. दार वाजवलं. ‘काय करतोस?’ ‘काही नाही,’ म्हणाला. बाहेर आला तेव्हा कोरडाच होता. मी टॉवेल चाचपून बघितला, तोही कोरडा. सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘चढउतार असतात. काम बघ ना त्याचं, काम चढतंच आहे.’ खरंय. काम चढतंच आहे. मी होडीकडे बघून आले आणि मग झोप लागली.

७ मार्च

दुपारी दुकानातली वीज गेली. शिवणयंत्र विजेवरचं, नुसतं बसून काय करायचं म्हणून घरी आले. दार लोटलेलंच होतं. आतून घासण्याचा आवाज येत होता.

दारात उभी राहिले. लिहायला लाज वाटते, पण मी कपडे नीट केले, केस सारखे केले. म्हटलं, आज याला बघायचं.

होडीत सिस्टर बसल्या होत्या. पाय पसरून, हातात रबरी मोजे, शेजारी स्पिरिटची बाटली आणि कापूस. गोल गोल घासत होत्या.

‘तू दुकानात नाहीस?’ त्या म्हणाल्या.

‘वीज गेली.’ मग मी म्हणाले, ‘आई, तुम्हीच म्हणाला होता ना, हात लावायचा नाही.’

‘मी कुठं लावते. तो करतो त्याला जरासं पुढे ढकलून देते, एवढंच. अर्धवट बघून धीर सुटू नये त्याचा. तू बोलू नकोस हं त्याला काही.’

‘तो कधी करतो?’

‘सकाळी. मी फिरायला गेले की.’

खोटं बोलता आलं असतं. ‘हो, सकाळीच करतो’ एवढं म्हणायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडात होतेही. पण डॉक्टरबाईंनी खाली ठेवलेलं ते पेन डोळ्यांसमोर आलं.

‘सकाळी मी करते, आई.’

त्यांचा हात थांबला नाही लगेच. जरा वेळ घासत राहिल्या. मग थांबला.

‘पहिले टाके?’

‘माझे. बाहीत तार अडकली म्हणून.’

‘ते बघून मी पुढचे घातले.’ त्या मोजे काढायला लागल्या, एकेक बोट ओढून. ‘दुमडलेली पट्टी?’

‘माझी. गाठ मारलेली तुमची?’

‘हं.’ मग होडीकडे न बघता म्हणाल्या, ‘काठ?’

‘डावा माझा.’

‘उजवा मी केला.’

आम्ही दोघींनी एकाच वेळी आडव्या फळीकडे बघितलं. ती पट्टी त्यांच्याच गुडघ्याची, म्हणजे कुणी आवळली ते आता उघडच होतं. तरी माणूस किती मूर्ख असतो, मी वाट बघत होते की त्या म्हणतील, ती मात्र माझी नाही.

‘फळी मीच बसवली,’ सिस्टर म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, चोरी कबूल करावी तशा. ‘बरेच दिवस ती तशीच राहिलेली दिसली. मला वाटलं, त्याला जड जातेय.’

मी हात दिला, त्या होडीतून उतरल्या. आज त्या मला पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या. आतल्या खोलीत हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. एका दारापलीकडे आम्ही इतके दिवस दुसराच एक माणूस उभा केला होता, उठणारा, काम करणारा, आमच्यापासून लपवणारा. डॉक्टरबाईंकडे जाऊन त्याची तब्येत सांगून आलो. औषध त्याच्याच हिशेबानं चाललंय. आणि हा खरा इथंच पडून होता, अर्धं जेवत.

७ मार्च, संध्याकाळ

त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानंच सुरू केलं, भिंतीकडे बघत.

‘कळलं वाटतं.’

‘तुला माहीत होतं?’

‘सकाळी तू. दुपारी आई. तुझा हात लांब जातो. ती गोल घासते.’

‘आणि ते सगळं तूच करतोस असं आम्ही समजत होतो, तेही माहीत होतं?’

‘डॉक्टरकडे कळलं.’

मला राग आला, खरंच आला, आजारी माणसावर येऊ नये तसा. ‘मग बोलला का नाहीस? तिथं तुला विचारलं त्यांनी सरळ.’

‘तुला सांगायला लागलो होतो. तू म्हणालीस, माहीत आहे.’

त्याच्या ओठांवर ठेवलेलं ते बोट माझंच होतं. मला वाटलं झोपला. मग तो म्हणाला,

‘दोघी गुणगुणत होतात.’

‘काय?’

‘काम करताना. तू पण, आई पण. किती दिवसांनी. मी सांगितलं असतं तर थांबला असतात.’

मी गुणगुणत नाही. मला आठवत नाही. सिस्टरना जाऊन विचारलं, त्या म्हणाल्या, मी आयुष्यात कधी गुणगुणले नाही, वॉर्डात चालायचं नाही ते.

८ मार्च

डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणाल्या, आणि ते जास्त लागलं. त्या आंघोळीच्या दिवसाबद्दल दोनदा विचारलं. म्हणाल्या, उद्याच घेऊन या, कपडे घेऊन या.

९ मार्च

सकाळी त्याला इस्पितळात ठेवून आलो.

निघताना बाहेरच्या खोलीतून जावं लागणारच होतं. होडीवर चादर नव्हती, आता लपवायचं कुणापासून. मी पिशवी घेऊन पुढे, सिस्टर मागे, मधे हा. होडीपाशी आला तसं माझं चालणं मंदावलं. वळून बघितलं तर सिस्टरही थांबल्या होत्या. आम्ही दोघी त्याच्या हातांकडे बघत होतो. निदान काठावरून एकदा बोट फिरवेल. इतकं कळूनसुद्धा बघत होतो.

हात खिशात होते. तो कंबर वाकडी करून होडीच्या कडेनं गेला, आम्ही रोज जातो तसा, आणि दाराबाहेर पडला.

इस्पितळात सिस्टरनी खाटेची चादर स्वतः ताणून घातली, तिथल्या मुलीनं ‘मी करते ना’ म्हटलं तरी. उशी थोपटली. मग काही करायला उरलं नाही. तो आडवा झाला. तिथली भिंत उजव्या बाजूला आहे, तर तो उजव्या कुशीवर वळला. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज येऊ नका, मी कळवीन.

घरी आलो. मी दुकान उघडलं नाही. सिस्टरनी हात-पाय धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन त्याच्या खाटेवर आडव्या झाल्या. भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं थकल्या. पांघरूण घालायला गेले तर म्हणाल्या, ‘तू बाहेर जा. घास जरा.’

‘काय?’

‘होडी घास. तू रोज घासतेस तशी. पेशंटला इथून काय ऐकू येत होतं ते मला ऐकायचंय.’

मी म्हटलं, ‘आई, नको.’

‘जा म्हणते ना.’

सिस्टरचं फर्मान म्हणजे फर्मान. बाहेर आले, पॉलिश पेपर घेतला आणि डाव्या काठापासून सुरुवात केली. लाकूड गुळगुळीतच होतं, करायला काही उरलं नव्हतं. तरी टोकापासून टोकापर्यंत हात जात राहिला. डोक्यात काही नव्हतं. त्याच्या उजव्या कुशीचा विचार येत होता, मग तोही येईनासा झाला. हात चालला की माझं असंच होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग आतून हाक आली.

‘पोरी.’

‘काय, आई?’

‘तू गुणगुणतेस गं.’

‘नाही हो.’

‘आत्ता. आजसुद्धा,’ त्या म्हणाल्या. ‘स्वच्छ ऐकू येतंय मला इथं.’